ओल्या कुंडीत सुकलेलं झाड

जून सरत आला होता. गिरगावातल्या एका जुन्या चाळीची गॅलरी, कठड्याच्या वर हुकाला टांगलेली हिरवी प्लॅस्टिकची कुंडी आणि तिच्यातून खाली लोंबणारं रिप्सॅलिस, कॅक्टसच्या कुळातलं झाड. एरवी ताज्या शेवयांची लड सोडावी तसं दिसणारं हे झाड सुरकुतून, पिवळट पडून, पार बारीक झालं होतं. ज्यांचं झाड त्या काकू तांब्याने पाणी घालत म्हणाल्या, "रोज घालते हो, तरी तहानलेलंच दिसतंय." कुंडीतली माती बोटाला चिकटेल इतकी ओली होती. हा प्रसंग मनात रुतून बसला, कारण काकूंचं निरीक्षण बरोबर होतं. झाड खरोखरच तहानलेलं होतं. भरल्या कुंडीत त्याला पाणी मिळत नव्हतं आणि वरून पडणारा प्रत्येक तांब्या ती तहान वाढवत होता.

रिप्सॅलिसची मुळं मातीसाठी घडलेलीच नाहीत. रानात हे झाड मोठ्या वृक्षांच्या बेचक्यात, खडबडीत सालीवर, शेवाळात, कुजत आलेल्या पानांच्या मूठभर साठ्यात वाढतं. पाऊस पडला की तिथलं पाणी लगेच निथळतं आणि वारा लागला की काही तासांत सगळं कोरडं होऊ लागतं. मुळं बारीक आणि उथळ असतात. त्यांना ओलावा हवा असतो, पण त्या ओलाव्यातून हवाही खेळती लागते. आपल्याकडे रोपवाटिकेतून येणारी कुंडी बहुधा लाल माती आणि शेणखताने भरलेली असते. काही महिने पाणी पडून ती माती दाबून बसते, आतल्या पोकळ्या बुजतात, उरलेल्या पोकळ्यांत पाणी थांबून राहतं. प्राणवायू हवेतून ज्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू पाण्यातून पसरतो. म्हणजे चिखलात बसलेल्या मुळांचा श्वासच कोंडतो. ती मरतात, मेलेल्या भागावर पिथियम आणि फायटोप्थोरा हे बुरशीसारखे रोगजंतू चढतात आणि पाणी ओढणारं कोणी उरत नाही. मग झाड स्वतःच्या फांद्यांत साठवलेलं पाणी वापरू लागतं आणि सुरकुततं. कोरड्या कुंडीतलं झाडही असंच सुरकुततं. बाहेरून दोन्हींत काही फरक दिसत नाही.

म्हणून फांदीवर सुरकुती दिसली की हात तांब्याकडे नको, कुंडीकडे जायला हवा. बोट दोन-तीन सेंटीमीटर आत घाला. आत कोरडं असेल तर पाणी हेच औषध. आत ओलं असेल तर कुंडी उपडी करून मुळं बघावी लागतील.

याच्या उलट टोकाला गेलेली झाडंही मुंबईत खूप दिसतात. कॅक्टस म्हटलं की वाळवंट, म्हणून शुद्ध रेतीत लावलेलं, पश्चिमेच्या ग्रिलमध्ये भर उन्हात ठेवलेलं, पंधरा दिवसांतून एकदा पेलाभर पाणी मिळालेलं रिप्सॅलिस. तेही सुकतं, फक्त जरा हळू. या झाडाचं माहेर वाळवंट नव्हे, पावसाळी जंगल आहे. रिप्सॅलिसच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ब्राझीलच्या आग्नेय भागात, अटलांटिक किनाऱ्यालगतच्या डोंगराळ जंगलांत सापडतात. रिओ द जानेरो त्याच पट्ट्यात येतं. आपल्याकडे सर्वांत जास्त मिळणारी जात मात्र रिप्सॅलिस बॅक्सिफेरा, आणि तिचा पसारा थक्क करणारा आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत ती आहेच, शिवाय आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, मादागास्कर आणि आपल्या शेजारचं श्रीलंका इथेही ती रानात वाढते. अमेरिका खंडांच्या बाहेर निसर्गतः आढळणारा हा एकच कॅक्टस. योझेफ गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये रिप्सॅलिस या प्रजातीला नाव दिलं. बॅक्सिफेरा समुद्र ओलांडून कशी गेली यावर अजून वाद चालू आहे. चिकट गर असलेली फळं पक्ष्यांनी नेली, असं मानणारे बरेच आहेत. जहाजांवरून माणसांनी नेली असेल, असंही म्हणतात. आफ्रिकेकडच्या झाडांत गुणसूत्रांची संख्या अमेरिकेतल्यांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त सापडते, त्यामुळे हा प्रवास अगदी अलीकडचा नसावा असं मला वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो झाडाच्या जिवावर बेततो. आंब्याच्या किंवा चाफ्याच्या खोडावर रिप्सॅलिस बांधलं की कुणीतरी हमखास सांगतं, "काढा ते, बांडगूळ आहे, झाडाला खाईल." बांडगूळ आश्रयदात्याच्या फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. रिप्सॅलिस, सीतेची वेणी आणि तिच्यासारख्या आमरी (ऑर्किड) या अपिवनस्पती. त्या झाडावर फक्त बसतात. पाणी पावसाचं, अन्न सालीवर साचलेल्या पानापाचोळ्याचं. गोंधळ होण्याला फळंही कारणीभूत आहेत, कारण दोघांची फळं लहान आणि आत चिकट. बांडगुळाचं बी फांदीवर डकवणारा फुलटोच्या पक्षी मुंबईच्या बागांतही असतो, पण त्याच्या त्या कामाचं खापर रिप्सॅलिसवर फोडायला नको. सोसायटीच्या आवारात चाफा असेल तर जाडसर फांदीवर, सावलीच्या बाजूला, नारळाच्या सोडणाचा तुकडा आणि सुतळी वापरून रिप्सॅलिस बांधून पाहाच. कुंडीपेक्षा तिथे ते जास्त सुखात असतं.

सगळी काळजी एका गोष्टीभोवती फिरते: मुळांना हवा.

तर मिश्रण. सहा इंची कुंडीसाठी दोन भाग नारळाच्या सोडणाचे एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे, एक भाग कोकोपीट (सोडणाचा भुसा), एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), अर्धा भाग लाकडी कोळशाचा चुरा आणि अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत. परलाइट महाग वाटलं तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या, मात्र आधी चाळून त्यांची भुकटी काढून टाका. ती भुकटीच खाली जाऊन भोकं बुजवते. सोडणाचे तुकडे बादलीत चोवीस तास भिजत घाला. पाणी गडद तपकिरी होतं; ते फेकून पुन्हा भिजवा, असं दोन-तीनदा करा. कोकोपीटही धुऊनच वापरा. नारळाच्या सोडणात आणि भुशात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, विशेषतः खाऱ्या पाण्यात सोडण भिजवलेलं असेल तर. न धुता वापरलं की कोवळ्या मुळांची टोकं करपतात आणि फांद्यांच्या टोकांशी वाढ थांबते. मग माणूस खत वाढवतो आणि झाड आणखी बिघडतं. माती घालायचीच नाही. मूठभरही नाही. बाजारात 'कॅक्टस मिक्स' म्हणून मिळणारं रेतीचं मिश्रणही नको. रेतीचे बारीक कण कोकोपीटच्या पोकळ्यांत बसतात आणि वजन वाढवतात, जे टांगलेल्या कुंडीला मुळीच परवडत नाही.

कुंडी उथळ आणि पसरट निवडा. मुळं वरच्या चार-पाच इंचांतच राहतात; खोल कुंडीच्या तळाचं मिश्रण कायम ओलं राहतं आणि सडण्याची सुरुवात तिथूनच होते. तळाला लावलेली बशी असेल तर काढून टाका. कुंडी बदलताना एकच माप मोठी घ्या. दर दोन वर्षांनी बदलावीच लागते, कारण सोडण हळूहळू कुजून भुगा होतं आणि मिश्रण पुन्हा मातीसारखं दाबून बसतं. दोन वर्षं छान वाढलेलं झाड तिसऱ्या पावसाळ्यात एकाएकी गेलं, अशी तक्रार ऐकली की बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

पाण्याला वार ठरवून देऊ नका. कुंडी उचलून पाहण्याची सवय लावली तर आठवडाभरात ओल्या आणि कोरड्या कुंडीचं वजन हाताला कळू लागतं. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर कोरडा झाला की खालून निथळेपर्यंत पाणी. सहा इंची कुंडीला साधारण तीनशे-चारशे मिलिलिटर. वर सांगितलेल्या मिश्रणात एप्रिल-मेमध्ये ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, थंडीत पाच-सात दिवसांनी, पावसाळ्यात आडोशाला असलेल्या कुंडीला आठ-दहा दिवसांनी. मोठ्या सुट्टीवरून परतल्यावर एक फसवणूक होते. पूर्ण सुकलेलं कोकोपीट पाणी लगेच घेत नाही. वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली पळतं, भोकांतून धार लागते आणि पुरेसं झालं असं वाटतं. अशी कुंडी बादलीत पाऊण उंचीपर्यंत वीस मिनिटं बुडवा, मग काढून पूर्ण निथळू द्या. पालिकेचं पाणी तलावांचं, मृदू असतं आणि या झाडाला मानवतं. टँकर किंवा बोअरवेलचं असेल तर काही महिन्यांनी कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसू लागतात. तेव्हा महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी सावकाश सोडून क्षार धुऊन काढा. मेच्या अखेरीचं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच.

उजेडाबद्दल मुंबईकरांना थोडं भूगोलाकडे बघावं लागेल. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन रिप्सॅलिसला आवडतं. पश्चिमेला फेब्रुवारीपासून दुपारनंतर पन्नास टक्के सावलीची शेडनेट लागते. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरचा कललेला सूर्य खोलवर आत येतो, तेव्हा कुंडी फूटभर मागे सरकवा. उत्तरेची खिडकी सुरक्षित मानतात आणि वर्षातला बराच काळ ती असतेही. पण मुंबईत १५-१६ मेच्या सुमाराला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतो तो, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ढग जमेपर्यंतचे ते तीन-चार आठवडे उत्तरेच्या ग्रिलमध्ये थेट ऊन पडतं, तेही वर्षातलं सर्वांत कडक. वर्षभर हिरवंगार असलेलं झाड मेअखेर तांबूस होतं ते यामुळे. तांबूस रंग हा इशारा आहे, रोग नव्हे; सावलीत नेलं की महिन्याभरात हिरवाई परत येते. पांढरट, कागदासारखे कोरडे डाग पडले तर मात्र तो भाग करपला, तो सुधारत नाही. उजेड कमी पडल्याची खूण वेगळी: नव्या फांद्या बारीक, फिकट आणि दोन फाट्यांमधलं अंतर लांबलचक.

आणखी एक, एसीबद्दल. बहुतेक कॅक्टसांप्रमाणे रिप्सॅलिसचीही सूक्ष्म रंध्रं रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री घ्यायचा आणि दिवसा उन्हात वापरायचा, अशी त्याची पद्धत. मुंबईची दमट रात्र त्याला वरदान आहे. रात्रभर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये नेमकी त्या वेळची हवा कोरडी असते, म्हणून तिथे झाड कधी नीट भरत नाही. बाहेर टांगताना एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा लागणार नाही एवढं बघा.

मग पावसाळा. मुंबईचा वर्षाचा पाऊस २,२०० मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ब्राझीलच्या त्या जंगलांत पाऊस वर्षभर वाटून येतो, इथे चार महिने ओतला जातो. शिवाय तिथे झाड फांदीवर असतं आणि इथे कुंडीत. झाडावर बांधलेलं रिप्सॅलिस जुलैची संततधार सहज सोसतं. कुंडीतलं मात्र आत घ्यावं, निदान पागोळ्यांच्या खालून तरी हलवावं; पत्र्यावरून एकाच जागी सतत पडणारी धार मिश्रण कोरून काढते आणि बुंधे उघडे पाडते. खत बंद. कुंड्या एकमेकींना खेटून नकोत, मध्ये हाताचं अंतर हवं. ग्रिलच्या कोपऱ्यात कोंडलेल्या कुंड्यांवर बुरशी आधी येते. समुद्रालगतच्या इमारतींत वाऱ्याबरोबर खारट तुषार येतात; उघडीप मिळाली की साध्या पाण्याने फांद्या धुवा. रात्री टॉर्च घेऊन एकदा कुंडीखाली बघा, कारण शेंबड्या गोगलगाई दिवसा भोकांपाशी दडतात आणि रात्री कोवळी टोकं खातात. हाताने वेचणं हाच उपाय मला पटतो.

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की किडींची पाळी. पिठ्या ढेकूण फाट्यांच्या सांध्यात कापसाच्या कणासारखा बसतो, आणि फांद्यांची गर्दी इतकी की तो दिसेपर्यंत पसरलेला असतो. पहिली चाहूल मुंग्यांवरून लागते. हुकाच्या तारेवरून मुंग्यांची रांग चढताना दिसली तर त्या बहुधा ढेकणांचा गोड स्राव न्यायला येत आहेत असं समजा. तारेला व्हॅसलीन लावा आणि झाड उतरवून सांधे न् सांधे तपासा. थोडेच असतील तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रवरूप साबण, संध्याकाळी फवारा, दर सात दिवसांनी तीनदा. एका फवारणीने काम होत नाही, कारण अंडी वाचतात. उन्हात तेल फवारलं तर फांद्या भाजतात. फांद्यांवर बारीक गंजल्यासारखे ठिपके आणि तलम जाळं दिसलं तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, तेव्हा नळाच्या जोरदार धारेने झाड धुणं निम्मं काम करतं.

फुलं लहान, पांढुरकी, जेमतेम सेंटीमीटरभर, फांदीच्या कडेला चिकटून येतात. ब्रह्मकमळ म्हणून आपण घरोघर लावतो तो निशिगंधी कॅक्टसही याच्यासारखाच झाडावर वाढणारा, पण त्याच्या फुलासाठी अख्खी चाळ जागी राहते आणि रिप्सॅलिसच्या फुलांकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. डिसेंबरपासून पाणी थोडं कमी करा, खत थांबवा, रात्रीची गार हवा लागू द्या. मुंबईच्या जानेवारीतल्या पंधरा-अठरा अंशांच्या रात्री त्याला पुरतात. ख्रिसमस कॅक्टसला इथे हा गारवा बहुतेक घरांत अपुरा पडतो, म्हणून कळ्यांसह आणलेलं झाड पुढच्या वर्षी गप्प राहतं. त्याच्या मागे लागण्यापेक्षा रिप्सॅलिस घ्या. कळ्या दिसल्यावर कुंडी फिरवू नका, गळतात. फुलांनंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, मेपर्यंत. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण शेतातल्या पिकांसाठी असतं. इथे तेवढं दिलं तर मुळं जळतात.

गिरगावातल्या त्या झाडासारखं झाड हाती आलं तर धीर सोडू नका. कुंडीतून काढून मुळं धुवा. तपकिरी, पोकळ, बोटाने साल निसटणारी मुळं गेलेली. बुंधा मऊ असेल तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वर वर कापत जा, काप हिरवट-पांढरा आणि टणक दिसेपर्यंत. मध्ये तपकिरी ठिपका राहिला तर रोग पुढे गेलाय, आणखी वर कापा, ब्लेड दर वेळी पुसून. टोकाकडचे दहा ते पंधरा सेंटीमीटरचे तुकडे बहुतेक वाचलेले असतात, सुरकुतलेले असले तरी. ते सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस ठेवा. पावसाळ्यात चार-पाच दिवस, पंख्याखाली. कापलेलं तोंड कोरडं झाल्याशिवाय लावलं की पुन्हा सड. मग चार इंची कुंडीत तेच मिश्रण, सहा-आठ तुकडे एकत्र, दोन-तीन सेंटीमीटर खोल. पहिले काही दिवस फक्त फवारा. तीन-चार आठवड्यांत हलकेच ओढल्यावर तुकडा अडला तर मूळ धरलं. निरोगी झाडाची कलमं करायची असतील तर फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर निवडा, आणि मधोमध न कापता सांध्यावर मोडा. तिथे जखम लहान होते.

विकत घेताना कुंडी हातात घेऊन बुंध्यापाशी फांद्या बाजूला सारा. वरून भरगच्च दिसणाऱ्या कुंडीत खाली काळे पडलेले बुंधे असू शकतात. जवळून पाहिलं की फांदीवर ठरावीक अंतराने बारीक ठिपके दिसतील, त्यांतून कधी एखादा केस. ती कॅक्टसची खूण. काही ठिकाणी कोकणातल्या कुंपणाचा शेर, तोही हिरव्या पेन्सिलीएवढ्या कांड्यांचा, लहान कुंडीत लावून याच नावाने विकतात. टोक मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो शेर. तो चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, लगेच हात धुवा.

या झाडाला फळं धरायला दुसरं झाड लागत नाही. एकाच कुंडीवर पाच-आठ मिलिमीटरची पांढरी, अर्धपारदर्शक फळं लागतात आणि कित्येक आठवडे टिकतात. पूर्ण पिकलेलं फळ हलक्या हाताने सुटतं. ते टिश्यूवर चिरडा, चिकट गर धुऊन काढा आणि आतल्या बारीक काळ्या बिया ओल्या कोकोपीटवर नुसत्या पसरा. वर काही घालू नका, त्यांना उजेड हवा असतो. डब्याला झाकण लावून सावलीत ठेवलं तर दोन-चार आठवड्यांत उगवतात. उगवलेलं रोप पाहून फसायला होतं. बुटकं, उभं, अंगभर मऊ काटे, अगदी वाळवंटी कॅक्टसाचं पिल्लू. चुकीचं काही उगवलं म्हणून ते उपटून टाकतात लोक. तसं करू नका. पुढच्या फांद्या गुळगुळीत येतील आणि त्यांच्या वजनाने झाड आपोआप खाली झुकू लागेल. तोवर डब्याचं झाकण रोज तासभर उघडं ठेवा, नाहीतर बुरशी ही इवली रोपं एका रात्रीत आडवी करते.